यंत्राचीही साक्ष काढा

पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून हातभर अंतरावर. दोन्ही हात बटणांवर असतील तरच रॅम (वरून पत्रा दाबणारा भाग) खाली यावी, म्हणजे रॅम येताना हात डायमध्ये असूच शकणार नाही, इतका साधा त्यामागचा विचार. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या लहान प्रेसशॉपांत ज्याचं येणंजाणं आहे त्याला विचारा. यातल्या एका बटणावर चिकटपट्टी गुंडाळलेली, नाहीतर फटीत पत्र्याची पाचर मारलेली त्याने कुठे ना कुठे पाहिलेली असते. डावं बटण कायमचं दाबलेलं, उजव्या हाताने दुसरं दाबायचं आणि मोकळ्या झालेल्या डाव्या हाताने पत्रा सरकवायचा. नग जास्त निघतात. एक दिवस बोटं जातात, चौकशीच्या कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे दोन शब्द पडतात आणि फाइल मिटते.

चिकटपट्टी कुणी लावली हे सगळे विचारतात. चिकटपट्टी लावल्यावर प्रेस चाललीच कशी, हे कुणी विचारत नाही. मला तेच विचारायचं आहे. दोन हातांच्या नियंत्रणासाठी आयएसओ १३८५१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातल्या सर्वांत कडक प्रकारात दोन अटी स्पष्ट आहेत. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली पाहिजेत, आणि एक स्ट्रोक झाल्यावर दोन्ही बटणं सुटल्याशिवाय दुसरा स्ट्रोक मिळता कामा नये. या दोन अटी पॅनेलमध्ये खरोखर असतील तर चिकटपट्टी लावलेली प्रेस जागची हलणार नाही. ती हलते, म्हणजे अटी तिथे नाहीत. कामगाराच्या डाव्या हाताच्या कितीतरी आधी ही चूक कुणाच्या तरी लॅपटॉपवर होऊन गेलेली असते, आणि त्या माणसाचं नाव चौकशीत येत नाही.

ही चूक सुटते कशी, तेही पाहण्यासारखं आहे. पॅनेल तयार होतं, ट्रायल सुरू होते. इंजिनीअर दोन्ही बटणं मोकळी ठेवून पाहतो, रॅम उभी. फक्त डावं दाबतो, उभी. फक्त उजवं दाबतो, उभी. दोन्ही दाबतो, रॅम आली. दोन बटणांच्या जोड्या चारच. चारही तपासल्या, चारही बरोबर. अहवालावर सही होते आणि चहा येतो. तरीही पॅनेल घातकीच आहे, कारण दोष क्रमात लपलेला आहे. डावं बटण आत्ता दाबलं की सकाळपासून दाबलेलंच होतं, मागच्या स्ट्रोकनंतर ते एकदा तरी सुटलं होतं का, याचा या चार चाचण्यांना पत्ताच नाही. यंत्राला पूर्वेतिहास असतो. त्या पूर्वेतिहासातलं जेवढं यंत्र लक्षात ठेवतं ती त्याची अवस्था. आणि कोणत्या अवस्थेतून कोणत्या घटनेने ते कोणत्या अवस्थेत जातं, याचा पुरता नकाशा म्हणजे स्टेट मशीन. प्रेसशॉपमध्ये हा शब्द कुणी वापरत नाही, पण जाणता ऑपरेटर याच भाषेत बोलतो: “साहेब, ही मधेच ट्रिप झाली ना, की रीसेट मारल्यावर एक स्ट्रोक आपोआप टाकते, हात लांब ठेवा.” त्याच्या डोक्यात नकाशा आहे. कंपनीच्या कागदावर नाही.

प्रेस त्यातल्या त्यात लहान. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीला किंवा बाटल्या भरणाऱ्या लाइनला वीस-चाळीस इनपुट सहज असतात. वीस चालू-बंद इनपुटांच्या जोड्या होतात १०,४८,५७६. दर सेकंदाला एक तपासली तर रात्रंदिवस बारा दिवस लागतील. चाळीस इनपुट असतील तर सुमारे ३४,८०० वर्षं. ही नुसत्या जोड्यांची मोजदाद झाली. क्रम, टायमर, काउंटर यांना अजून हातही लावलेला नाही. आणि आपली ट्रायल जेवणानंतर सुरू होऊन संध्याकाळी गाडी भरायच्या वेळी संपते. त्या कागदावर ‘ओके’ लिहिणारा माणूस खोटारडा असतो असं मी म्हणत नाही. पण त्याला जे माहीत नाही ते माहीत असल्याची सही तो करतो, आणि ती सही आपण सगळे मिळून त्याच्याकडून मागून घेतो.

हाताने सगळं तपासणं अशक्य आहे म्हणून शास्त्र थांबलं नाही. एडमंड क्लार्क आणि अ‍ॅलन इमर्सन यांनी अमेरिकेत १९८१ मध्ये, आणि जोसेफ सिफाकिस यांनी फ्रान्समध्ये एका सहकाऱ्यासह त्याच सुमारास, एक पद्धत मांडली. यंत्राचा नकाशा आणि पाळायचा नियम, दोन्ही संगणकाला द्यायचे. नियम कुठल्याही वाटेने मोडू शकत नाही, असं तो एकतर सिद्ध करतो. नाहीतर नियम मोडतो ती नेमकी वाट दाखवतो. या कामाला २००७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आपल्या प्रेसला हे लावलं तर संगणक सांगेल: डावं दाबलं, उजवं दाबलं, रॅम गेली आणि आली, उजवं सुटलं, डावं तसंच राहिलं, उजवं पुन्हा दाबलं, रॅम पुन्हा गेली. चौथी पास झालेला हेल्परही हे वाचून मान डोलावेल. मोठी समीकरणं आत असतात. बाहेर येते ती अपघाताची आगाऊ लिहिलेली हकिकत. वेळेच्या अटी या नकाशात कशा बसवायच्या, म्हणजे आपला तो अर्धा सेकंद कुठे लिहायचा, याचा पाया राजीव अलूर यांनी डेव्हिड डिल यांच्यासोबत घातला. त्यांचा तो प्रसिद्ध शोधनिबंध १९९४ चा. अलूर यांचा जन्म पुण्यातला. नाशिकहून दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर जन्मलेल्या माणसाचं काम जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात आणि आपल्या टायमरची वेळ अजून ‘अंदाजे’ ठरते!

अडचण एकच होती: नकाशा काढणार कोण? जाणकार बसवला तर तो महागडा, आणि त्याने काढलेला नकाशा त्याला यंत्र जसं वाटतं तसा. म्हणून नकाशा आपोआप काढायचे दोन मार्ग निघाले.

पहिला मार्ग प्रोग्रॅम वाचण्याचा. पीएलसी हे प्रोग्रॅमप्रमाणे यंत्रं चालवणारं संगणकासारखं उपकरण १९६८-६९ मध्ये डिक मोर्ली यांच्या मंडळींनी अमेरिकेत उभं केलं ते मोटार कारखान्यांतली रिलेंची जंगलं हटवण्यासाठी. त्याच्या भाषांना १९९३ मध्ये आयईसी ६११३१-३ या मानकाने शिस्त लावली. जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुकेंद्रकीय संशोधन संस्थेत थंडावा, वायू, व्हॅक्यूम असं बरंच काही पीएलसीवर चालतं. तिथल्या अभियंत्यांनी पीएलसीव्हेरिफ नावाचं साधन बनवलं. ते पीएलसीचा प्रोग्रॅम वाचून स्वतःच स्टेट मशीन उभं करतं, ते तपासणाऱ्या सॉफ्टवेअरकडे देतं आणि उत्तर पुन्हा इंजिनीअरच्या भाषेत आणतं. पुढे ते सर्वांसाठी खुलं केलं गेलं. आपल्याकडे एकाच शेडमध्ये डेल्टा, मित्सुबिशी, सीमेन्स असे तीन तऱ्हेचे पीएलसी नांदतात आणि मानक असूनही प्रत्येकाची बोली थोडी निराळी, त्यामुळे आज आणलं आणि उद्या चालवलं असं होणार नाही, हेही सांगून टाकतो.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. प्रोग्रॅम हातात नाही, त्याला पासवर्ड आहे आणि पासवर्ड ज्याच्याकडे होता तो पॅनेलवाला आता फोन उचलत नाही, ही एमआयडीसीतली रोजची गत. अशा वेळी यंत्रालाच विचारायचं. डाना अँग्लुइन यांनी १९८७ मध्ये यासाठी एक रीत घालून दिली. शिकणारा संगणक दोनच तऱ्हेचे प्रश्न विचारतो. एक, ‘मी असं केलं, मग असं केलं, तर तू काय करशील?’ आणि दोन, ‘माझा हा नकाशा बरोबर आहे का? नसेल तर एक चुकलेलं उदाहरण दाखव.’ नवा हेल्पर मशीनजवळ उभा राहून हे दाबून बघ, ते सोडून बघ असं करत महिनाभरात मशीन ओळखायला लागतो, तसंच हे. फक्त संगणक कंटाळत नाही आणि विसरत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं पक्कं उत्तर देणारा प्रत्यक्षात कुणी नसतो, म्हणून तिथे खूपशा चाचण्या मारून काम भागवावं लागतं; तेवढी कसर या मार्गात राहते. तरी याच रीतीने युरोपात बँकेची कार्डं तपासली गेली. फिलिप्समध्ये जुना सॉफ्टवेअर-भाग काढून नवा बसवताना दोघांचे नकाशे असेच काढले आणि ताडून पाहिले. आपल्याकडे जुनी रिलेची पॅनेलं उपसून पीएलसी बसवण्याची कामं सर्रास चालतात. जुन्या पॅनेलमध्ये एखादा रिले कशाला होता हे कुणालाच आठवत नाही, म्हणून तो नव्यात येत नाही. तो कशाला होता हे नंतर कळतं, बहुधा रात्रपाळीत.

आता या लेखाचा गाभा. प्रोग्रॅमवरून काढलेला नकाशा आणि यंत्राला विचारून काढलेला नकाशा, हे दोन वेगळे निघाले तर? तसे ते निघतातच. गार्डचं दार उघडलं की यंत्र थांबलं पाहिजे, हे प्रोग्रॅममध्ये नीट लिहिलेलं असतं. पण दाराचा लिमिट स्विच सारखा त्रास देतो म्हणून मेंटेनन्सवाल्याने कधीतरी टर्मिनलवर वीतभर वायरचा जम्पर मारलेला असतो. पीएलसीला दार कायम बंद दिसतं. प्रोग्रॅमचा नकाशा म्हणतो, सुरक्षित. यंत्राचा नकाशा म्हणतो, दार उघडं आणि रॅम चालू. दोन्ही आपापल्या जागी खरं बोलतात. त्या दोघांमधली तफावत म्हणजेच तो जम्पर. गोपनीय तपासणी नको, छापा नको. दोन कागद शेजारी ठेवले की कारखान्यातले सगळे जम्पर, सगळ्या पाचरी, सगळे ‘तात्पुरते’ बायपास ओळीने उभे राहतात.

हे करायला धोका पत्करावा लागत नाही. डाय काढायची, मोटार बंद करायची, फ्लायव्हील पुरती थांबेपर्यंत वाट पाहायची (मोटार बंद केल्यावरही ती बराच वेळ फिरत राहते, हे विसरणारे हात गमावतात), हवेचा दाब सोडायचा, आणि फक्त कंट्रोल सप्लाय चालू ठेवून स्विच हलवत सोलेनॉइडला सिग्नल जातो की नाही एवढं टिपायचं. पीएलसी टेबलावर काढून तपासला तर मात्र जम्पर सापडणार नाही, कारण तो वायरिंगमध्ये राहिला.

तफावतीची किंमत देशाने मोजलेली आहे. २ जून २०२३ ला ओडिशातल्या बाहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता आणि सांधा मात्र लूप लाइनकडे वळलेला. गाडी उभ्या मालगाडीवर गेली. २९० हून अधिक माणसं मेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघालं ते हेच: सिग्नलच्या सर्किटमध्ये पूर्वी केलेल्या बदलात त्रुटी राहिल्या होत्या, वायरांवरच्या खुणा चुकीच्या होत्या आणि त्या वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आल्या नाहीत. सिग्नल आणि सांधा यांना एकमेकांशी बांधणारं इंटरलॉकिंग म्हणजे शुद्ध स्टेट मशीन. ते आपल्या समजुतीप्रमाणे बरोबरच वागत होतं. त्याची समजूत आणि रुळाची स्थिती यांची फारकत झाली होती. चौकशी अहवालाने आणखी एक गोष्ट नोंदवली. त्याच खरगपूर विभागात, वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये बांकरा नयाबाज स्थानकात चुकीच्या वायरिंगमुळेच असा प्रकार घडून गेला होता. तेव्हा धडा घेतला असता तर हा अपघात टळला असता, असं अहवालाने म्हटलं.

आणि नाशिकने हे सगळं ओडिशाचं म्हणून झटकू नये. २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, वॉर्डातल्या पाइपांमधला दाब घसरला आणि किमान २२ रुग्ण गेले. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला तो काळ. नातेवाईक सिलिंडर खांद्यावर घेऊन धावत होते. चौकशी समिती नेमली गेली, दोष कुणाचा यावर भरपूर बोललं गेलं. त्या वादात मी शिरत नाही. पण टाकी, व्हॉल्व्ह, व्हेपोरायझर, राखीव सिलिंडर, दाबाचा अलार्म ही सगळी मिळून एक यंत्रणाच असते, आणि तिच्याही अवस्था मोजता येतात. टाकी भरत असताना गळती लागली तर? गळतीमुळे मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा लागला तर राखीव साठा आपोआप सुरू होतो की कुणीतरी पळत जाऊन चावी फिरवायची? पळत जाणारा गळतीच्या पांढऱ्या ढगात कसा शिरणार? असे प्रश्न कागदावर ओळीने लिहिण्याची सक्ती आज कुठल्या रुग्णालयावर आहे? गेल्या काही वर्षांत जिल्ह्या-जिल्ह्यांत ऑक्सिजनच्या टाक्या बसल्या, आनंद आहे. त्यांच्या नियंत्रणाचा नकाशा कुणी काढून ठेवला आहे का, हे विचारायला नगरसेवक असण्याची गरज नाही.

आपल्याकडे यंत्राबद्दल आदर नाही असं कुणी म्हणू नये. खंडेनवमीला प्रेसच्या फ्लायव्हीलपासून पॅनेलच्या दारापर्यंत हळदकुंकू लागतं, झेंडूच्या माळा चढतात, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. मालक स्वतः येतो, कामगारांच्या कपाळी टिळा लावतो. मला त्या पूजेचं वावडं नाही. वर्षातून एकदा मालक मशीनजवळ येतो तेही काही कमी नाही. पण त्या दिवशी पॅनेलचं दार बाहेरून पुजण्याऐवजी आतून एकदा उघडून पाहावं. दाराच्या आतल्या बाजूला ड्रॉइंग ठेवायला खिसा असतो. त्यात काय मिळतं? दोन जळके फ्यूज, तंबाखूची पुडी, आणि घडीवर फाटलेलं एक ड्रॉइंग. त्यावर तीन वेगवेगळ्या पेनांनी केलेल्या दुरुस्त्या, एकाही दुरुस्तीवर तारीख नाही की सही नाही. ज्याला आपण वर्षातून एकदा देव म्हणतो तो कसा वागेल हे आपल्याला ठाऊक नाही, आणि ते जाणून घ्यायची तसदी न घेणं यालाच आपण श्रद्धा म्हणतो. ‘आजवर काही झालं नाही’ हे वाक्य त्याच श्रद्धेचं. तीस वर्षं काही झालं नाही याचा अर्थ घातक वाटेवर अजून पाऊल पडलं नाही, एवढाच.

मालक मंडळी यावर काय म्हणतात तेही ऐकायला हवं, कारण त्यातलं सगळंच चुकीचं नाही. लहान कारखानदार म्हणतो, मोठी कंपनी मला नगामागे पैशात घासून घेते. गार्ड लावू, सेफ्टी रिले लावू, की बँकेचा हप्ता भरू? हे खरं आहे. जी मोठी कंपनी आपल्या शेडमध्ये लाइट कर्टन लावते ती व्हेंडरच्या शेडमधल्या चिकटपट्टीबद्दल विचारत नाही. नगाच्या मोजमापात दोन मायक्रॉनचा फरक पडला तर मात्र माणूस पाठवते. ऑडिटच्या यादीत नगाच्या मोजमापाला जेवढी पानं आहेत त्यातलं एक पान पॅनेलला द्यावं, हे मागणं अवाजवी नाही. दुसरं, ज्या प्रेस जुन्या की-क्लचच्या, पायाच्या पेडलवर चालणाऱ्या, त्यांना पीएलसीच नाही. त्यांना नकाशाचं कौतुक सांगू नये, त्यांना गार्ड हवं आणि ते आजच हवं. आणि जिथे दोन हातांच्या नियंत्रणाचं प्रमाणित मॉड्यूल तयार मिळतं तिथे ते साध्या पीएलसीच्या ओळींत घरी लिहू नये. पण ‘प्रॉडक्शन थांबेल’ ही सबब मी मानत नाही. ती फार जुनी आहे.

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन सरकारच्या आयोगापुढे ठेवलं. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, या मागण्या आपल्याला पाठ आहेत. त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि जो कायमचा निकामी होईल त्याच्या पोटापाण्याची तरतूद व्हावी. रविवारची सुट्टी १० जून १८९० ला पदरात पडली. तिच्यामुळे गिरण्या बुडाल्या नाहीत. लोखंडे सत्यशोधक होते. जे चालत आलं आहे त्यालाच धर्म म्हणायचं नाही, हा त्यांच्या गुरूचा धडा त्यांनी गिरणीच्या खात्यात लावला. जखमेनंतरच्या पगारासाठी भांडणं त्या काळात मोठं होतं. जखम कुठल्या वाटेने येणार हे आधी काढता येतं, हे आता कळल्यावर नुसत्या भरपाईपाशी थांबणं म्हणजे १८८४ च्याही मागे जाणं आहे.

कायद्याची गंमत पाहा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने लिफ्टची तपासणी दर सहा महिन्यांनी आणि क्रेनच्या साखळीची किमान वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून करून घ्यायला सांगितलं. साखळीची कडी झिजली का, हे पाहायला माणूस येतो. ती साखळी ज्या प्रोग्रॅमच्या हुकमाने वर-खाली होते तो पाहायला कुणी येत नाही, कारण १९४८ साली तो नव्हता. भोपाळनंतर १९८७ मध्ये दुरुस्ती झाली. यंत्र बनवणाऱ्यावर ते सुरक्षित असण्याची जबाबदारी आली, आणि कामगाराला सुरक्षेची माहिती मिळवण्याचा हक्क मिळाला. आता जुने कायदे नव्या संहितांमध्ये गेले. नाव काहीही असो, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकाने एक साधा प्रश्न विचारायला सुरुवात करावी: ‘या यंत्राचा नकाशा दाखवा, आणि तो शेवटचा कधी यंत्राशी ताडून पाहिला ते सांगा.’

नकाशा आपोआप निघेल, पण नियम आपोआप निघणार नाहीत, आणि इथेच माणसाची खरी परीक्षा आहे. यंत्र काय करतं हे संगणक सांगतो. यंत्राने काय करता कामा नये हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. बायपास केलेल्या यंत्राकडून शिकलेला नकाशा बायपासलाच रीत समजेल. चुकीला सवय म्हणणाऱ्या माणसासारखाच तो प्रामाणिक. मग नियम कोण लिहिणार? पॅनेल विकणारा लिहील तर दहा नियम लिहील आणि सगळे पास होतील. मॅनेजर लिहील तर त्यात ‘सायकल टाइम’ आधी येईल. नियम लिहायच्या टेबलाशी प्रेसवर उभा राहणारा ऑपरेटर, रात्री एकटा पॅनेल उघडणारा इलेक्ट्रिशियन आणि बोटं गमावून आता गेटवर बसणारा माणूस, असे तिघे तरी हवेत. या माणसांना स्टेट मशीन हा शब्द यायची गरज नाही. ‘लाइट गेली आणि परत आली की ही जिथे थांबली होती तिथूनच पुढे निघते’ एवढं एक वाक्य त्यांच्याकडून आलं तर त्याचा नियम करता येतो: वीज परत आल्यावर माणसाने बटण दाबल्याशिवाय कोणतीही हालचाल नाही. हा नियम साध्या ट्रायलमध्ये तपासलाच जात नाही, कारण ट्रायलच्या दिवशी लाइट जात नाही.

यासाठी लागणारी माणसं नाशिकमध्ये नाहीत असं कोण म्हणेल? ओझरला एचएएल विमानं जोडते. तिथे एका नटाच्याही नोंदी ठेवतात. शहरात के. के. वाघसारखी अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, सातपूरला आयटीआय आहे, निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटना आहेत. मुंबईत आयआयटीमध्ये सॉफ्टवेअरच्या अशा गणिती पडताळणीचं केंद्र आहे, पुण्यात टीआरडीडीसी १९८१ पासून सॉफ्टवेअरच्या संशोधनात आहे. दरवर्षी शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्ट म्हणून आपोआप पाणी सोडणारी कुंडी नाहीतर पार्किंगचं गेट बनवतात आणि ते गेट कपाटावर धूळ खातं. त्याऐवजी चार मुलं आणि आयटीआयची दोन मुलं मिळून एका लहान कारखान्याचं एक पॅनेल घेतील: प्रोग्रॅमवरून एक नकाशा, यंत्रावरून दुसरा, तफावतींची यादी, आणि ऑपरेटरने सांगितलेले नियम टिकतात का याचं उत्तर. संघटनांनी सामायिक लॅपटॉप, सॉफ्टवेअर आणि एक अनुभवी माणूस द्यावा. लहान कारखानदाराला हे फुकट मिळावं. मोठ्याने पैसे भरावेत. आणि पॅनेल खरेदीच्या ऑर्डरमध्ये आजपासून एक कलम घालावं: प्रोग्रॅमची टिपांसह प्रत आणि पासवर्ड मिळाल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही. हे कलम घालायला कुठलंही संशोधन लागत नाही.

एक भीती उरते, आणि ती कामगारांची आहे. तफावतींची यादी निघाली की पहिला मेमो कुणाला जाईल? ज्याने चिकटपट्टी लावली त्याला. ज्याने जम्पर मारला त्या मेंटेनन्सच्या पोराला. अशी यादी शिक्षेसाठी वापरली गेली तर दुसऱ्या वेळी तपासणीच्या आदल्या रात्री चिकटपट्ट्या निघतील, सकाळी नकाशा स्वच्छ येईल आणि दुपारी चिकटपट्ट्या परत लागतील. हे मी कल्पनेने लिहीत नाही, ऑडिटच्या दिवशीचा कारखाना ज्याने पाहिला आहे त्याला ते ठाऊक आहे. म्हणून यादी आधी सुरक्षा समितीकडे जावी, त्या समितीत कामगारांची निम्मी माणसं असावीत, आणि पहिल्या यादीवर कुणालाही मेमो निघू नये. ऑपरेटरला बाजूला घेऊन विचारलं तर तो सरळ सांगतो: “टेप काढली तर टार्गेट बसत नाही.” मग टार्गेट कुणी आणि कसं ठरवलं ते पाहावं लागेल. बहुतेक ठिकाणी ते त्याच चिकटपट्टीच्या वेगावर ठरलेलं सापडेल. नवं टार्गेट लिहिताना घड्याळ लावून मोजायला बसणाऱ्या इंजिनीअरने आधी दोन्ही बटणं मोकळी करून घ्यावीत, दोन हातांनी निघतील तेवढे नग मोजावेत आणि तोच आकडा बोर्डावर लिहावा. मोठ्या कंपनीला द्यायचं कोटेशनही त्याच आकड्यावर बांधावं.